परंपरेचा मान आणि धर्मसभेची वाढ

(पॅरिशच्या सुवर्णमहोत्सवी सभेत प्रमुख धर्मगुरूंनी केलेले भाषण)



'आपली परंपरा' या विषयावर मी दोन शब्द बोलावे, अशी महोत्सव समितीची इच्छा आहे. विषय गोड आहे. देवळासाठी जागा कोणी दिली, घंटा कोणी आणविली, पहिली मिस्सा कोणत्या मांडवात झाली, हा सर्व वृत्तांत या स्मरणिकेत इतरत्र आला आहे आणि लिहिणाऱ्यांनी तो मनापासून लिहिला आहे. त्याची पुनरुक्ती मी करीत नाही. त्याच परंपरेची दुसरी एक बाजू आहे आणि तिच्याविषयी सणाच्या दिवशी बोलू नये असा आपल्याकडे संकेत आहे. परंतु सारी मंडळी सणाच्या दिवशीच एकत्र जमतात, त्याला माझा इलाज नाही.

परंपरेला लॅटिन भाषेत जो शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ 'हाती सोपविणे' असा आहे. सोपवावयाचे म्हणजे देणाऱ्याला मूठ उघडावी लागते. प्रेषितांकडून आलेली श्रद्धा, सात संस्कार, पवित्र ग्रंथ ही धर्मसभेची परंपरा होय. तिच्यात फेरफार करण्याचा अधिकार मला नाही, बिशपांना नाही, पोपमहाराजांनाही नाही. पण मिरवणुकीत पुढे कोणी चालावे, पहिल्या बाकावर कोणी बसावे, कोणाचा मुलगा सेमिनरीत शोभेल व कोणाचा शोभणार नाही, या गोष्टी प्रेषितांनी सांगितलेल्या नाहीत. त्या कोणा एका काळी कोणाच्या तरी सोयीने सुरू झाल्या आणि पुढे त्यांना जुनेपणाचे तेज चढले. आता दोन्ही गोष्टींना आपण एकच नाव देतो, आणि सारा घोटाळा तेथेच होतो.

हा रोग केवळ धर्मसंस्थेचाच आहे असे नाही. बलाढ्य म्हणविणाऱ्या ब्रिटिश लष्करात पायदळाच्या व घोडदळाच्या अधिकाराच्या जागा १८७१ पर्यंत पैसे मोजून विकत घेता येत होत्या आणि थोर घराण्यांतील लोकांना त्यात काही गैर वाटत नसे. क्रिमियाच्या युद्धात सामान्य शिपायांना त्याची किंमत द्यावी लागली, तरीही ती प्रथा मोडावयास आणखी पंधरा वर्षे गेली. पण दुसऱ्याच्या घरात डोकावण्याचे मला कारण नाही. आपल्या भारतीय धर्मसभेचा इतिहास या बाबतीत पुरेसा बोलका आहे.

पोर्तुगालच्या राजांना पोपमहाराजांनी पूर्वेकडील धर्मकार्याचे आश्रयदातेपण दिले. त्यालाच 'पाद्रोआदो' म्हणतात. राजाने गलबते द्यावी, देवळे बांधावी, धर्मगुरूंचा खर्च सोसावा. मोबदल्यात बिशपांची निवड राजाने सुचवावी. १५३४ मध्ये गोव्याला बिशपपीठ झाले ते याच व्यवस्थेत. तिची निंदा मी करणार नाही. राजाच्या गलबतांवाचून संत फ्रान्सिस झेवियर येथे पोहोचले नसते. परंतु पुढे राजाची गलबते कमी झाली, किल्ले गेले, खजिना आटला. हक्क तेवढा शाबूत राहिला. १६४० मध्ये पोर्तुगाल स्पेनपासून वेगळा झाला, तेव्हा नव्या राजाला रोमने मान्यता दिली नाही आणि म्हणून सुमारे तीस वर्षे त्याने सुचविलेल्या बिशपांनाही दिली नाही. बिशपपीठे रिकामी राहिली तरी चालतील, पण सुचविण्याचा मान सोडावयाचा नाही, असा तो हट्ट होता.

बिशप नसतील तर नसोत. देशी धर्मगुरू तयार करावे, हा मार्ग होता. परंतु तेथे दुसरी भिंत उभी होती. आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांचेच पाहा ना. बाप पोर्तुगीज, आई या भूमीतली. जेज्विट धर्मगुरूंबरोबर ते जपानला गेले, तेथील भाषा शिकले, वर्षानुवर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. त्या संघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र अपुरीच राहिली. शेवटी मनिलास जाऊन ते फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून दाखल झाले, आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे त्यांनी क्रुसावर प्राण अर्पण केले. १८६२ मध्ये त्यांना संतपद मिळाले. आज आपण त्यांचा सण थाटाने करतो. मला इतकेच सुचवावयाचे आहे की, ज्याला हयातीत दाराशी थांबावे लागते, त्याचीच तसबीर पुढे वेदीवर लागते, हे या संस्थेत अनेकदा घडले आहे. त्याच शतकात पेरो लुईस नावाच्या एका केरळी ब्राह्मणास जेज्विटांनी आपल्यात घेतले होते. पण त्याच्यामागून तो दरवाजा भारतीयांसाठी दीर्घकाळ बंदच राहिला.

गोव्याच्या दिवाडी बेटावर जन्मलेले मातेउस द कास्त्रो यांची कथा याहून बोधप्रद आहे. धर्मगुरू व्हावे ही त्यांची इच्छा. गोव्याच्या आर्चबिशपांनी दीक्षा देण्याचे नाकारले. दुसरा कोणी असता तर घरी बसला असता. हा तरुण खुष्कीच्या मार्गाने रोमला गेला. तेथे १६२२ मध्ये धर्मप्रसारासाठी 'प्रोपागांडा फिदे' ही नवी संस्था स्थापन झाली होती आणि देशोदेशी तेथलेच धर्मगुरू असावेत असे तिचे धोरण होते. कास्त्रो तेथे शिकले, दीक्षित झाले, परत आले. आणि गोव्याच्या अधिकाऱ्यांनी त्यांची रोमची कागदपत्रे मानण्याचे नाकारले. पुन्हा रोम. १६३७ मध्ये त्यांना बिशप करण्यात आले व विजापूरच्या आदिलशाही मुलुखाचे कार्य त्यांच्याकडे देण्यात आले. गोव्याच्या वेशीबाहेर, डिचोलीस, त्यांनी आपले ठाणे केले. पोर्तुगीज हद्दीत त्यांना बिशप मानावयास कोणी तयार नव्हते. अखेर हा मनुष्य रोममध्येच वारला.

येथवर ऐकून आपणांपैकी पुष्कळांच्या मनात पोर्तुगीजांविषयी राग उत्पन्न झाला असेल. जरा थांबा. याच कास्त्रोंनी १६५३ मध्ये एक लेख लिहिला आणि त्याचे नाव ठेविले 'ब्राह्मणांचा आरसा'. गोऱ्या कातडीच्या अहंकाराने गांजलेला हा बिशप दाद मागतो ती आपल्या ज्ञातीच्या श्रेष्ठत्वाच्या आधारे! बाप्तिस्मा घेतलेल्या सर्वांना समान मान द्या असे न म्हणता, आम्हीही थोर कुळातले आहोत असे तो म्हणतो. (त्यांचा एक पुतण्याही पुढे बिशप झाला. लायक होता असे म्हणतात. मी केवळ नोंद करतो. ब्रह्मचर्याच्या नियमामुळे आमच्या खुर्च्या मुलांकडे जात नाहीत, पण पुतण्यांविषयी कायदेशास्त्र थोडे ढिले आहे.)

दार ठोठावणारा आत आला की तोच आतून कडी घालतो. हे मला आजच्या विषयाचे मर्म वाटते, आणि त्याचे सर्वांत दुःखदायक उदाहरण आपल्या सर्वांत उज्ज्वल अध्यायात आहे. गोव्यातील देशी धर्मगुरूंनी सतराव्या शतकाच्या अखेरीस 'ऑरेटरी' नावाचा आपला स्वतःचा संघ स्थापिला. त्याचे भूषण म्हणजे संत जोसेफ वाझ. जन्म १६५१, बाणावली. लंकेत डच लोकांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. १६८७ मध्ये हा पुरुष मजुराच्या वेषात तेथे उतरला. पायी हिंडला, हेर समजून कँडीच्या राजाने त्याला कैदेत टाकले, आणि पुढे त्याच कँडीत देवीची साथ आली तेव्हा लोक आपल्या माणसांना रानात टाकून पळत असता त्याने त्यांची शुश्रूषा केली. १७११ मध्ये त्याने देह ठेविला. त्याच्यामागून आलेले जाकोमे गोन्साल्विस यांनी सिंहली व तामिळ भाषांत ख्रिस्ती वाङ्मय निर्माण केले. युरोपातून एकही धर्मगुरू न येता, भारतीयांनी दुसऱ्या देशात मरणोन्मुख धर्मसभा जगविली! 'देशी माणसाच्या हाती कार्य सोपविता येत नाही' या आक्षेपाला यापेक्षा मोठे उत्तर कोणते हवे? २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कोलंबो येथे त्यांना संतपद बहाल केले.

आणि तरीही या संघाचा नियम असा की, प्रवेश केवळ ब्राह्मण ज्ञातीच्या तरुणांना. चारडो ज्ञातीचे धर्मगुरू मग चिंबल येथे कार्मेलच्या तृतीय संघात जमले. एकाच वेदीचे सेवक, एकच मिस्सा, आणि दोन चुली! हे करणारे लोक दुष्ट नव्हते. जोसेफ वाझ यांच्यासारखा संत त्यांच्यात होऊन गेला. त्यांना तो नियम नियम वाटतच नसावा; सूर्य पूर्वेला उगवतो तसेच ते वाटत असावे. परिणाम काय झाला? एका बेटावरची सारी धर्मसभा गोव्यातील एका मठावर अवलंबून, आणि तो मठ एका ज्ञातीच्या घरांवर अवलंबून. माणसे नेहमीच अपुरी पडत. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यातील मठ बंद केले तेव्हा झरा मुळातच आटला, आणि लंकेसाठी पुन्हा युरोपातून धर्मगुरू आणावे लागले.

मधल्या काळात कायदा झाला नाही असे नाही. २ एप्रिल १७६१ रोजी पोर्तुगालचा मंत्री पोम्बाल याने फर्मान काढविले की, पूर्वेकडील बाप्तिस्मा झालेल्या प्रजाजनांना पोर्तुगालात जन्मलेल्यांप्रमाणेच सर्व हक्क व मान मिळावेत. ते गोव्याला पोहोचले आणि तेथील अधिकाऱ्यांच्या दप्तरात विसावले. १७७४ मध्ये ते पुन्हा पाठवावे लागले. तरीही वरच्या जागांचे दरवाजे उघडले नाहीत. आणि १७८७ मध्ये बढतीला पारखे झालेल्या काही देशी धर्मगुरूंचे नाव गोव्यातील कटात निघाले. सत्तेचाळीस जणांना अटक झाली, त्यांत सतरा धर्मगुरू. पंधरा माणसे पुढील वर्षी फासावर गेली. कटाचे समर्थन मी करीत नाही. पण ज्या संस्थेत शिकलेला, दीक्षित, लायक मनुष्य आपला मार्ग कायमचा बंद झालेला पाहतो, तेथे पुढे काय काय उगवते, हे त्या तीन आकड्यांत दिसते.

मुंबईकडे वळू. येथे १७९४ पासून एकाच शहरात दोन सत्ता: काही देवळे पाद्रोआदोच्या म्हणजे गोव्याच्या आर्चबिशपांकडे, काही प्रोपागांडाच्या व्हिकार अपोस्तोलिकांकडे. १८३८ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी पाद्रोआदोच्या अनेक पीठांचा अधिकार काढून घेतला, तर 'हे पोपमहाराजांचे पत्र खरेच आहे कशावरून?' असा प्रश्न निघाला. १८५३ मध्ये माहीमच्या सेंट मायकल देवळात प्रकरण इतक्या थराला गेले की, बिशप हार्टमन आपल्या माणसांसह आत, विरुद्ध पक्ष बाहेर, आणि हा वेढा कित्येक दिवस चालला. वेढा घालणारे अश्रद्ध नव्हते. रोज जपमाळ म्हणणारे, उपवास पाळणारे, आपल्या वाडवडिलांच्या देवळावर जीव असलेले लोक होते. ज्या राजाचा झेंडा वसईच्या किल्ल्यावरून १७३९ मध्येच उतरला, त्याच्या हक्कासाठी ते भांडत होते! आणि वसई पडल्यावर युरोपीय धर्मगुरू निघून गेले तेव्हा आमच्या पूर्वजांची श्रद्धा कोणी टिकविली? राजाने नव्हे, गावोगाव फिरणाऱ्या देशी पाद्र्यांनी. त्यांची नावेसुद्धा आपण नीट जपलेली नाहीत. राजाचा मान मात्र जपला.

मुंबईतील हा दुभंग १९२८ मध्ये संपला. कसा संपला तेही ऐकण्यासारखे आहे. रोम व पोर्तुगाल यांच्यात करार झाला की, मुंबईचे आर्चबिशप आळीपाळीने एकदा पोर्तुगीज व एकदा ब्रिटिश असावेत. करार करणाऱ्यांनी सर्वांचा मान राखला. ज्यांच्या शहराचे पीठ होते त्यांचा तेवढा विचार करण्याचे राहिले. आणि हे तेव्हाचे, जेव्हा पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी १९१९ मध्येच, देशी धर्मगुरू हे परक्यांचे मदतनीस म्हणून नव्हे तर एक दिवस आपल्या लोकांचे पुढारी होण्यासाठी घडवावेत, असे सर्व जगाला लिहिले होते. १९२३ मध्ये तुतिकोरीनला तिबुर्शियस रोश हे लॅटिन पंथाचे भारतीय बिशप झालेही होते.

या कराराची कोंडी फोडली ती एका इंग्रजाने. १९३७ मध्ये आलेले आर्चबिशप थॉमस रॉबर्ट्स यांनी पाहिले की, आपण या खुर्चीवर बसून आहोत तोवर पुढची पाळी पोर्तुगिजाची. त्यांनी व्हॅलेरियन ग्रेशस यांना साहाय्यक बिशप करून घेतले, १९४६ मध्ये कारभार त्यांच्या हाती ठेवून आपण मुंबई सोडली, आणि १९५० मध्ये पोर्तुगालने आपला हक्क सोडल्यावर रीतसर राजीनामा दिला. पद त्यांचे होते, वय होते, कोणी 'जा' म्हटले नव्हते. मी सुरुवातीला 'हाती सोपविणे' असे म्हणालो, ते हे. १९५३ मध्ये ग्रेशस भारताचे पहिले कार्डिनल झाले.

येथे टाळ्या वाजवून मोकळे व्हावे असे कोणासही वाटेल. पण भारतातील दलित समाजातून आलेला पहिला कार्डिनल, हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला, २०२२ मध्ये झाले. मधली एकोणसत्तर वर्षे कोणत्याही पोर्तुगीज राजाच्या माथी मारता येत नाहीत. ती आपली आहेत.

कोणी म्हणेल, 'फादर, धर्मसभेत पायऱ्या आहेतच. पोप, बिशप, धर्मगुरू. मग आमच्याच पायऱ्या का खुपतात?' प्रश्न रास्त आहे. धर्मसभेतील पायरी ही कामाची पायरी आहे, रक्ताची नव्हे. पेत्र कोळी होता. आपल्या कोळीवाड्यातील लोकांना हे सांगावे लागत नाही. मत्तय जकात गोळा करणारा, म्हणजे चारचौघांत न बसविण्याजोगा. जेथे पूजेचा अधिकार जन्माने बापाकडून मुलाकडे जातो अशा देशात, कोणाच्याही पोटी जन्मलेला मुलगा वेदीपाशी उभा राहू शकतो, हीच आपण या देशाला दिलेली एक मोठी देणगी आहे. ती आपणच परत घ्यावी काय?

आता घरचे. या महोत्सवानिमित्त जुनी पुस्तके मी चाळली. या पॅरिशने धर्मसभेला धर्मगुरू व भगिनी दिल्या, त्यांची नावे या स्मरणिकेत सन्मानाने छापली आहेत. ती नावे आळीवार लावून पाहा. दोन आळ्यांबाहेरचे घर सापडणार नाही. पाड्यावरची कुटुंबे देवळात येतात, वर्गणी देतात, मांडव घालण्यास पहिल्याने हजर असतात. त्यांच्यातील एका मुलाने दोन वर्षांपूर्वी सेमिनरीची इच्छा व्यक्त केली, तेव्हा आपल्यातील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मला सद्भावनेने विचारले, 'फादर, त्याच्या घरात कोणी शिकलेले आहे का?' मी म्हणालो, 'नाही. म्हणूनच त्याला पाठवावयाचा आहे.' मुलगा सध्या शिकतो आहे. त्याच्या लॅटिनपेक्षा माझे त्याच्या वयातील लॅटिन कच्चे होते.

आणि छत्राचा प्रश्न. ख्रिस्तराजाच्या सणाला पवित्र साक्रामेंताची मिरवणूक निघते, तिच्यात छत्राचे चार दांडे धरण्याचा मान चार घराण्यांकडे आहे. हा मान पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे असे मला सांगण्यात आले. पॅरिश पन्नास वर्षांची आहे हे मी नम्रपणे नमूद करतो. या घराण्यांनी देवळासाठी जमीन दिली, हात राबविले. त्यांचे ऋण मी विसरत नाही आणि कोणी विसरू नये. पण त्यांची तरुण मुले आज आखातात व कॅनडात आहेत. गेल्या वर्षी दोन दांडे अशा वृद्धांच्या हाती होते की, ज्यांच्या गुडघ्यांसाठी मिरवणुकीचा मार्ग आपण निम्म्यावर आणला. पाड्याकडचा रस्ता गाळला गेला. तेथील लोकांनी दारासमोर रांगोळ्या घातल्या होत्या, दिवे लावले होते. प्रभू त्या बाजूला गेलाच नाही. आणि छत्रामागे वीस-पंचवीस वर्षांचे धट्टेकट्टे तरुण मोकळ्या हातांनी चालत होते.

म्हणून महोत्सव समितीच्या अनुमतीने मी सणमंडळाच्या नियमावलीतील ते कलम पुनर्विचारासाठी मांडीत आहे. त्या चार घराण्यांपैकी दोघांच्या कर्त्या पुरुषांनी मला आधीच भेटून संमती दिली. एकाने तर, 'फादर, सुटलो,' असे म्हटले. उरलेल्या दोघांशी माझे बोलणे चालू आहे आणि त्यांच्या मनाला लागेल असे मी काही करणार नाही. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सेनंतर, शाळेच्या सभागृहात मंडळाची सभा आहे. सभासदत्वाची वही साक्रिस्तीत ठेविली आहे. बाप्तिस्मा झालेला व अठरा वर्षे पुरी केलेला कोणीही, पुरुष वा स्त्री, तीत नाव घालू शकतो. वर्गणी पूर्वीचीच आहे. कलम बदलले तर पुढील वर्षापासून दांड्यांसाठी नावे चिठ्ठ्या टाकून काढावी, असा माझा प्रस्ताव आहे. यहूदाची जागा भरताना प्रेषितांनी मत्तियासाची निवड चिठ्ठ्यांनीच केली होती, तेव्हा ही रीत आपल्या चार घराण्यांहून बरीच जुनी आहे. मार्ग मात्र पाड्यावरूनच जाईल. त्यासाठी चिठ्ठी टाकावयाची नाही.